लेकींची फेरी

बुधवार : मिरज ते शहापूर

आज्जा, म्हणजे आईचे वडील, शहापूरचे विणकर. बेळगावाला लागून असलेलं शहापूर. चार लेकी आणि एक मुलगा. थोरली नंदगडला दिली, दुसरी गोकाकला, तिसरी म्हणजे माझी आई मिरजेला आणि धाकटी निपाणीला. भाऊबीज झाली की येणाऱ्या सोमवारी ते घरातून निघायचे आणि चारी लेकींच्या घरी एकेक मुक्काम करून परतायचे. आधी खानापुरावरून नंदगड. मग बेळगावाला मागं येऊन गोकाक. गोकाकहून घटप्रभा स्टेशन गाठून रेल्वेनं मिरज. मिरजेहून कोल्हापूर, निपाणी आणि घर. नकाशावर पाहिलं तर एक वेडंवाकडं कडं तयार होतं, मध्ये हिडकलचं धरण आणि भोवती चार लेकी.

गेल्या आषाढाच्या आदल्या आषाढात ते गेले. 1928 चा जन्म, 95 पुरी केली. यंदाच्या वर्षश्राद्धाला बहिणी जमल्या तेव्हा पंगत उठल्यावर आई म्हणाली, "दिवाळी झाली की मी जाते अण्णांच्या वाटेनं." तिच्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत होतं. मी पुण्याहून रजा टाकून तिच्याबरोबर निघाले.

मिरजेहून सकाळची गाडी. शेडबाळ, उगार, मग कृष्णेचा पूल आणि कुडची. उगारला कारखान्याचा गोड-आंबट वास डब्यात शिरतो, उसाच्या गाड्या फाटकाशी ताटकळलेल्या असतात. रायबागच्या पुढं माती काळ्याची तांबडी होत जाते. ब्रॉडगेज होण्याआधी या मार्गावर लहान गाडी होती. आई सांगत होती की लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा घटप्रभेपर्यंत रडली आणि तिथून पुढं हसली, कारण तिथून बेळगावचं बोलणं कानावर पडायला लागलं. "आली काय गे?" असं कुणीतरी कुणालातरी विचारत होतं, तेवढ्यानं.

मला आठवतात ते मिरजेच्या घरात आलेले आज्जा. धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी, खांद्याला जाड कापडाची पिशवी. आल्या आल्या पाणी पिऊन ते आम्हा मुलांना जवळ बोलवायचे आणि अंगातल्या फ्रॉकची कड दोन बोटांत धरून बघायचे. कापड बरं असलं तर मान हलवायचे. नसलं तर काही बोलायचे नाहीत, पण पुढच्या वर्षी पिशवीतून लुगड्याबरोबर फ्रॉकाचं कापड निघायचं.

बेळगाव स्टेशनातून रिक्षा केली. कपिलेश्वराच्या पुलावरून शहापुरात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. गल्लीच्या तोंडाशीच यंत्रमागांची खडखड सुरू झाली आणि आईनं पदर सारखा केला.

गुरुवार : शहापूर

घरात सोप्यावर, उजव्या भिंतीला लागून, जमिनीत एक शहाबादी फरशी बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळी दिसते. तिच्याखाली मागाचा खड्डा आहे. हातमाग खड्ड्यातला असे. विणकर काठावर बसून पाय खाली सोडायचा, पायानं पावड्या दाबायचा आणि हातानं धोटा फेकायचा. आज्जा वयाच्या बाराव्या वर्षी त्या खड्ड्यात उतरले. त्यांच्याआधी त्यांचे वडील तिथंच बसत.

घर सहसा एकट्या विणकरावर चालत नाही. आज्जी रहाटावर कांड्या भरायची, पहाटे उठून सुताला खळ द्यायची. आईला आणि मावश्यांना शाळेला जाण्याआधी ठरलेल्या कांड्या भरून द्याव्या लागत. "कांड्या कमी पडल्या की अण्णा रागावायचे नाहीत," आई म्हणाली, "माग थांबवून नुसतं बसायचे. ते बसलेले बघवायचे नाहीत." सूत व्यापाऱ्याचं, मजुरी आज्जांची. लुगडं नेऊन दिलं की व्यापारी काठ, पोत, लांबी बघायचा, मग हिशेब. आठवड्याच्या त्या हिशेबावर पाच मुलं, म्हातारी आई आणि एक विधवा आत्या असं घर चालायचं.

सीमाभागाविषयी खूप लिहिलं गेलं आहे, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण त्या लिखाणात हे घर मला सापडत नाही, म्हणून इथं सांगते. आज्जा जन्मले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजी मुलखात. पोरवयात ते पटवर्धनांच्या राज्यातून उठून इंग्रजांच्या राज्यात बाजाराला जायचे आणि जेवायला परत यायचे. 1948 च्या मार्चमध्ये सांगली विलीन झाली आणि घर मुंबई इलाख्यात गेलं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि घर म्हैसूर राज्यात गेलं. आईचा जन्म त्याच वर्षीच्या जूनमधला, त्यामुळं ती मुंबई राज्यात जन्मली आणि रांगायला लागली म्हैसूर राज्यात. 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, 2014 ला बेळगावचं बेळगावी. या सगळ्यात आज्जांनी घर बदललं नाही, खड्डा बदलला नाही, नळाचा हंडा ठेवायची जागासुद्धा बदलली नाही.

17 जानेवारी 1956 ला बेळगावात संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर आलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्या दिवशी ते गावात होते. आज्जी तेव्हा आईच्या वेळी गरोदर. ते कुठल्या कुठल्या बोळातून अंधार पडल्यावर घरी आले, आणि रात्रभर माग चालवला. झोप येणार नव्हती आणि आज्जीला धोट्याचा आवाज ऐकू येत राहिला की बरं वाटेल म्हणून. हे आज्जीनं आईला सांगितलं, आईनं मला. त्यानंतर दर 17 जानेवारीला ते हुतात्मा चौकात जायचे. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निषेधफेरीत, अंगात बळ होतं तोवर, सायकल घेऊन जायचे. नव्वदीतही दारात उभे राहून फेरी जाताना बघायचे.

दिवाळी आणि 1 नोव्हेंबर अनेकदा एकाच आठवड्यात येतात. म्हणजे ज्या माणसानं शुक्रवारी दंडाला काळी फीत बांधली, तो सोमवारी कर्नाटकाच्या लाल बसमध्ये बसून, वाटेत भेटेल त्याच्याशी कानडीत बोलत, लेकीला भेटायला निघायचा. बाहेरच्यांना यात विसंगती दिसते. मला ती कधीच दिसली नाही. मागणी सरकारकडे होती. शेजाऱ्याशी भांडण नव्हतंच.

हा शेजारी अजून आहे. त्यांची घरची भाषा कानडी, धंदा तोच, वय 88. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडं गेलो. "या बाई, बसा की," म्हणाले, आणि आईला लहानपणीच्या नावानं हाक मारली. कापडाला खोट निघाली की व्यापारी मजुरी कापायचा, अशा वेळी दोघं एकमेकांच्या बाजूनं बोलायला जात. 1978 ला आज्जांनी दोन यंत्रमाग घ्यायचं ठरवलं तेव्हा सोसायटीच्या कर्जाला हे जामीन राहिले. "हप्ता एक बी चुकला न्हाई तुझ्या बापाचा," ते म्हणाले. "माझा चुकला. तवा त्यानंच भरला."

यंत्रमाग आले तरी हातमाग काढला नाही. गिऱ्हाइकाचं कापड विजेवर, आणि दिवाळीआधीचा महिनाभर रात्री हातमागावर चार लुगडी. लेकींसाठी. थोरलीला हिरवं लागायचं, गोकाकच्या मावशीला रुंद काठ. 82 व्या वर्षी पाय पावडीवर ठरेनासे झाले तेव्हा मामांनी माग उतरवला आणि फरशी बसवली. त्या वर्षी पिशवीत विकतची लुगडी होती. आई म्हणते, चारी बहिणींनी ती नेसली, पण कुणी कुणाला त्याविषयी फोन केला नाही.

रात्री मामांशी बोलणं झालं. मामा खर्चीवर चार माग चालवतात, म्हणजे सूत-बीम व्यापाऱ्याचं आणि विणाई यांची. सुरतेच्या साड्यांपुढं इथल्या कापडाचा भाव टिकत नाही. कामाला माणूस मिळत नाही, वहीफणीचं, म्हणजे ताण्याचे धागे मागात ओवायचं, काम करणारे तर आता बोटांवर मोजण्याइतके. आईनं विचारलं, "पुढच्या वर्षीपासून फेरीला तू जाशील नव्हं?" मामा बराच वेळ ताटातली आमटी भाकरीला लावत राहिले. "अक्का, आठवडाभर माग बंद ठेवून कसं जमायचं? येतो की एखाद्या रविवारी, मोटारीनं. एका दिवसात दोघी होतात."

आई काही बोलली नाही. मुक्कामाचा नियम आज्जांचा होता आणि त्याचं कारणही त्यांनीच सांगून ठेवलं होतं. दिवसा भेटलं की लेक हसूनच बोलते. रात्री भांडी घासून झाल्यावर, अंथरुणं पडल्यावर ती जे बोलते ते खरं.

शुक्रवार : खानापूर, नंदगड

थोरली मावशी खानापूरच्या स्टँडवर येऊन थांबली होती. वय 74, कंबर वाकलेली, हातात पिशवी. नंदगडच्या बसमध्ये चढताना तिनं आधार कार्ड पुढं केलं आणि कंडक्टरनं तिला शून्य रुपयांचं तिकीट दिलं. 2023 च्या जूनपासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट आहे. आईचं कार्ड मिरजेचं, तिचं पूर्ण तिकीट लागलं. उलट मिरजेच्या एसटीत आईला अर्धं तिकीट पडतं. मावशी एकदम म्हणाली, "अण्णांनी दोघींना सारखंच वाढवलं की ओ," आणि कंडक्टरही हसला.

सुगी चालू आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून पडलेलं, काही खळ्यांवर मळणी सुरू. खानापूर तालुक्यात शिरलं की हवाच बदलते. पश्चिमेला जंगल, मलप्रभेचं पाणी, कौलारू घरं. कौलं आणि मातीची भांडी हा इथला जुना धंदा. मावशीच्या घराची कौलंही खानापूरचीच, शेवाळ धरलेली.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची आमटी, भरल्या मिरच्या. जेवताना मावशीनं जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, ही रीत आज्जा पाळायचे. मावशीचं लग्न 1968 चं. नऊ वर्षं तिला मूल झालं नाही. नऊ वर्षं आज्जा दिवाळीनंतर नंदगडला आले, मुक्काम केला, आणि घरचा पाण्याचा तांब्यासुद्धा तोंडाला लावला नाही. शिदोरी शहापूरहून आणायचे, दोन वेळच्या दशम्या आणि चटणी. पाणी गावच्या विहिरीवर जाऊन प्यायचे. सोप्यात बसून शिदोरी सोडायचे तेव्हा मावशी दाराआड उभी राहायची. सासूला ते टोचायचं, कारण गाव बघत असे, आणि व्याही जेवत नाही याचा अर्थ साऱ्या गावाला कळत असे.

"मला वाटायचं, येऊच नयेत," मावशी म्हणाली. "आले की माझं उणं सगळ्यांना दिसायचं."

पाचव्या की सहाव्या वर्षी रात्री ती हे त्यांना बोलली. दुसरं लग्न करायच्या गोष्टी घरात सुरू झाल्या आहेत, हेही बोलली. आज्जांनी ऐकून घेतलं. पहाटे उठून ते जावयाबरोबर शेतावर गेले आणि परत आले ते दोघांना घेऊन मिरजेला जायचं ठरवूनच. मिरजेचं मिशन हॉस्पिटल तेव्हाही लांबलांबच्या लोकांना माहीत होतं. "दोघांना" हा शब्द मावशीनं दोनदा उच्चारला. तपासणी बाईचीच करायची असते असं मानणारा तो काळ आणि तो मुलूख. जावयाला काय म्हणाले ते काकांनी कुणाला सांगितलं नाही, पण काका गेले. उपचार काकांवर झाले. 1977 ला दादा जन्मला.

बारशाला आज्जा आले आणि सोप्यात बसून म्हणाले, "वाढ गे, भूक लागली." सासूनंच वाढलं.

रीत त्यांनी मोडली नाही. आज मला वाटतं, मोडायला हवी होती. नऊ वर्षं लेकीला दाराआड उभं राहावं लागलं, हे त्या रीतीनंच केलं. मी मावशीला तसं म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, "मोडली असती तर सासूनं म्हटलं असतं, बापानंच आशा सोडली." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुपारी दादानं गाडीतून हलशीला नेलं. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, 12 व्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ. समोरासमोर दोन गाभारे, एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह. आज्जा दर वर्षी इथं येत नसत, पण दादाच्या जावळानंतर एकदा सगळ्यांना घेऊन आले होते. परत येताना नंदगडात संगोळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो. किट्टूरच्या राणीचा हा शिलेदार, त्याला इंग्रजांनी 1831 ला इथं फाशी दिली. मुलांचा एक घोळका कानडीत फोटो काढायची घाई करत होता, शेजारच्या टपरीवर मराठीत चहा मागितला जात होता.

महाजन आयोगानं 1967 ला खानापूर, नंदगड आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावं आणि बेळगाव म्हैसुरातच ठेवावं असं सुचवलं होतं. महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही, आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो अहवाल अमलात आला असता तर आमच्या घरात काय झालं असतं, याचा हिशेब मावशीला तोंडपाठ आहे. तीन लेकी महाराष्ट्रात, एक लेक आणि माहेर पलीकडं. "अण्णा म्हणायचे, फेरी तेवढीच राहणार," ती म्हणाली.

शनिवार : गोकाक

बेळगावहून गोकाकची बस, अंकलगीवरून. तांबडी जमीन संपून खडकाळ माळ लागतो.

गोकाकच्या मावशीचे सासरे गिरणीत होते, काकाही गिरणीत. घटप्रभेच्या धबधब्याशेजारी 1887 पासून ही सूतगिरणी आहे, पडत्या पाण्याच्या जोरावर उभी राहिलेली. हे स्थळ आज्जांना सुतामुळंच कळलं, एका सूत व्यापाऱ्याच्या तोंडून. धबधबा गावापासून थोडा दूर, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, 52 मीटर उंचीवरून कोसळणारा. नोव्हेंबरात पाणी पांढरं आणि बारीक झालेलं असतं. पावसाळ्यात ते गढूळ तांबडं असतं आणि जमीन हादरते. झुलत्या पुलाकडं बघत आई म्हणाली, लहानपणी ताईच्या लग्नानंतर ती इथं आली तेव्हा अण्णा पूल न बघता गिरणीकडंच बघत उभे होते. एवढं सूत एका छपराखाली त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मावशीच्या घरात आता कानडीच जास्त. सून हुक्केरीकडची, नातवंडं कानडी माध्यमात. मावशी आमच्याशी मराठीत, सुनेशी कानडीत, आणि रागावली की दोन्हींत बोलते. आम्ही उंबऱ्यात पोचलो तशी सून "बर्री, बर्री" म्हणत पुढं आली आणि आईच्या पाया पडली.

या घरातली गोष्ट पत्रांची आहे. मावशीचा थोरला मुलगा कानडी शाळेत होता. दुसरीत असताना त्यानं शहापूरला कार्ड धाडलं, चार ओळींचं, कानडीत. आज्जा कानडी फडफडा बोलायचे, पण अक्षर येत नव्हतं. कार्ड शेजाऱ्यानं वाचून दाखवलं. त्यात असं होतं की येताना भोवरा आणा. आज्जांनी भोवरा नेला. पण नातवाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं हे त्यांना पटलं नाही. साठीला टेकलेला माणूस शेजारच्या नातीचं पहिलीचं पुस्तक मागून आणून, रात्री माग बंद झाल्यावर, अक्षरं गिरवायला बसला. ज्या दिवसांत, 1986 च्या जूनमध्ये, कानडी सक्तीविरोधी आंदोलनात बेळगाव भागात माणसं मारली गेली, हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, त्याच दिवसांत ते पुस्तक आमच्या घरात होतं. आज्जा त्या मोर्च्यांनाही गेले होते. सक्तीला त्यांचा विरोध होता, आणि नातवाचं पत्र त्यांना वाचायचं होतं. तो भाऊ आता चाळिशी ओलांडलेला, इथंच शिक्षक. आज्जांनी त्याला पाठवलेली कानडी कार्डं त्यानं आम्हाला दाखवली. अक्षर मोठं, ठळक, मात्रा थोड्या चुकलेल्या, आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी सही मात्र मराठीत.

2019 च्या ऑगस्टात गोकाकात पूर आला. मावशीच्या घरात माळ्याच्या तुळईपर्यंत पाणी. आज्जा 91 वर्षांचे. दिवाळीला मामा म्हणाले, यंदा राहू द्या. ते निघालेच, मामांना बरोबर घेऊन. भिंतींची ओल गेली नव्हती, घरात कॉटसुद्धा नव्हती, तरी मुक्काम केला. पुढच्या वर्षी कोरोना आला आणि फेरी पहिल्यांदा चुकली. त्याच्या पुढच्या वर्षी कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना चाचणीचा कागद दाखवावा लागत होता. तेव्हापासून आज्जा घराबाहेर पडले नाहीत, चौघी आळीपाळीनं त्यांच्याकडं यायच्या.

निघताना करदंट बांधून दिलं, डिंक-गुळाचं.

रविवार : निपाणी

संकेश्वरपर्यंत झोपच लागली. हिरण्यकेशी ओलांडल्यावर जाग आली. पुढं तवंदीचा घाट, स्तवनिधी, आणि घाट उतरला की निपाणी. तंबाखूचा वास आता पूर्वीइतका येत नाही, वखारी कमी झाल्या आहेत. धाकट्या मावशीच्या शेतात अजून दोन एकर आहे. रोपं गुडघ्याच्या वर आलेली, शेंडे खुडायचं काम चालू. खुडून आल्यावर हात इतके चिकट होतात की साबणानं जात नाहीत, मावशी राखेनं घासत होती.

चौघींत हिच्या घरी आज्जा एकदा फेरी सोडून आले होते. 1981 च्या मार्चमध्ये. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथं पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. गावंच्या गावं, बायकापोरांसकट, रस्त्यावर येऊन बसली. मावशीच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि काका आंदोलनात पुढं होते. बेळगावात रोज वेगवेगळ्या बातम्या येत होत्या. आज्जा माग बंद करून निघाले. मोटारी घाटाच्या अलीकडंच थांबल्या होत्या. ते घाट चालत उतरले आणि संध्याकाळी निपाणीत पोचले.

मावशीला तेव्हा मूल नव्हतं, म्हणजे घरचं अन्न वर्ज्य. गडबडीत शिदोरी घेतली नव्हती. मावशी रडकुंडीला आली, की बाप एवढं चालून आला आणि उपाशी झोपणार. आज्जा म्हणाले, जावई कुठं बसलाय तिथं चल. रस्त्यावर खेड्याखेड्यांतून भाकऱ्या येत होत्या, घराघरातून गोळा केलेल्या, बाजरीच्या, जोंधळ्याच्या, कुणाच्या मऊ, कुणाच्या करपलेल्या. आज्जा जावयाशेजारी डांबरावर बसले आणि भाकरी-ठेचा खाल्ला. ते लेकीचं घर नव्हतं, आणि त्या भाकऱ्यांत लेकीची भाकरीही होती. तिनं सकाळी दिलेली. काका सांगतात, जेवून झाल्यावर आज्जांनी शेजारच्या शेतकऱ्याला तंबाखूचा एकरी खर्च विचारला, मग व्यापारी काय देतो ते विचारलं, आणि म्हणाले, "आमचं बी असंच हाय."

6 एप्रिलला गोळीबार झाला. शेतकरी मेले. पकडून नेलेल्यांत काका होते, ते काही दिवसांनी सुटून आले. मावशीनं त्या दिवसांविषयी जास्त सांगितलं नाही. काकांनी एकच सांगितलं, की सुटून घरी आले तेव्हा सोप्यावर आज्जा बसलेले होते, शिदोरी घेऊन.

काका आता 70 चे आहेत. दुपारी त्यांनी आम्हाला गावाच्या कडेला अर्जुननगरपर्यंत नेलं. तिथलं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात आहे आणि तिथं शिकणारी पोरं निपाणीची. मावशीच्या दोन्ही मुली तिथंच शिकल्या. रोज सायकलवर दुसऱ्या राज्यात जायच्या आणि जेवायला घरी यायच्या. आई म्हणाली, "अण्णांसारखं."

संध्याकाळी मामांचा फोन आला. आम्ही कुठं पोचलो, आईचे गुडघे कसे आहेत, असं विचारत होते. मावशीनं फोन आईच्या हातातून काढून घेतला. तिला आम्ही सकाळीच सांगितलं होतं, मोटारीनं एका दिवसात दोघी, ते.

"काय रे, ऐकलं मी," ती म्हणाली. "रविवारी येऊन रविवारी जाणार हाईस म्हणे?"

पलीकडून मामा मागांचं, कामगाराचं, व्यापाऱ्याच्या तगाद्याचं सांगत असावेत. ती ऐकत राहिली. काका आणि मी अंगणात शेंगा निवडत होतो.

"माग बंद ठेवू नकोस, कोण म्हणतंय ठेव म्हणून," ती अखेर म्हणाली. "आठवड्यात चौघी नकोत. महिन्याला एकेक कर. शनिवारी सांजचं ये, रविवारी जेवून जा. पण रात्र हितं काढायची. न्हाईतर येऊच नको, मी वाढणार न्हाई तुला."

मामा काहीतरी म्हणाले.

"मग ताईला इचार. अक्काला इचार. हितं बसलीया बघ अक्का, दिऊ काय?"

आईनं फोन घेतला आणि आत गेली. बराच वेळ बोलत होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, पहिला मुक्काम नंदगडला, मार्गशीर्षात, मामीसुद्धा येणार. मावशीनं लगेच नंदगडला फोन लावला.